देवीचा साकव

१९५८ साल होतं, मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि माझा देवीवर राग होता. चार वर्षांपूर्वी मी गलबताच्या डोलकाठीवरून खाली पडलो. उजवा पाय गुडघ्याखाली वाळत गेला आणि काखेत कुबडी आली. तेव्हापासून दर वर्षी देवळात गाऱ्हाणं घालताना मी नारळ ठेवून एकच मागायचो, पाय बरा कर. पाय काही बरा झाला नाही. शाळेत मी दुसरीपर्यंतच गेलो, फार खोल विचार करायची सवय नाही. मागितलं आणि दिलं नाही, एवढंच मला कळत होतं.

हात मात्र शाबूत होते. गलबतावर असताना मी शिडं शिवायला शिकलो होतो. आमची वाडी तोंडवलीच्या बाजूला, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी. खाडीपलीकडे एका शेटची शिडं शिवायची पेढी होती. त्याने माझा टाका उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "माका तुझे हात होयेत, तुझ्या पायाचा काय करूचा? फक्त सकाळी आठाक पाटावर बसलेलो दिसाक होयो." मला वाटलं, सुटलो. पण शिडं शिवायला पाय लागत नाहीत, शिवायच्या जागी पोचायला लागतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

भरती असली की होडी काठाला लागायची आणि मी कुबडी टेकून चढायचो. ओहोटीला ती वीसेक पावलं लांब उभी राहायची आणि मध्ये नुसता चिखल. बाकीची माणसं वहाणा हातात घेऊन तुडवत जायची. माझी कुबडी मात्र हातभर आत जायची. भरतीची वेळ रोज थोडी पुढे सरकते, शेटच्या भिंतीवरचं घड्याळ सरकत नाही. एक आठवडा मी वेळेवर, तर पुढचा आठवडा दहाला. होडीवाल्याने एकदा मला पाठीवर घेतलं. होडीतून कोणीतरी ओरडला, "नवरो इलो रे, वाजंत्री खंय आसत?" सगळे हसले, होडीवालाही हसला, त्याच्या पाठीचं हसणं माझ्या छातीला लागलं. त्यानंतर मी कोणाच्या पाठीवर बसलो नाही. काठावर बसून पाणी चढायची वाट बघायचो. लोक म्हणत, माज आहे. असेल.

शेटने तीन महिने चालवून घेतलं. एका शनिवारी शिडाची घडी घालता घालता तो म्हणाला, "सोमवारी आठाक नाय इलंस तर मी दुसरो माणूस बघतलंय. तुझ्या कामाक नाव ठेवणंय नाय." सोमवारी सकाळी नेमकी ओहोटी होती. घरात आई, बायको आणि तान्ही मुलगी. हे काम गेलं की आम्ही चौघं पुन्हा भावाच्या चुलीवर. वहिनी भात वाढताना हात आवरता घेई.

मधला रविवार पालखीचा. वर्षातून एकदा आमची देवी खाडीपलीकडे बहिणीच्या भेटीला जाते. भोयांचा पाय घसरू नये म्हणून चिखलात माडाची खोडं टाकून त्यांवर फळ्या ठोकतात, काठापासून थेट होडीपर्यंत साकव करतात. पालखी परत आली की दिवस मावळायच्या आत तो उचलून देवळाच्या माळ्यावर ठेवायचा, अशी रीत. पाय होते तेव्हा मीही त्या फळ्या वाहिल्या होत्या. त्या दिवशी काठावर बसून बघताना मला फार कडू वाटलं. देवीही आपल्या पायाने चालत नाही. तिला चौघे खांद्यावर घेतात, तिच्यासाठी चिखलावर वाट होते, आणि तिला कोणी हसत नाही.

दुपारी पालखी परत देवळात आली. गावकऱ्याने, म्हणजे गावाच्या वतीने देवीशी बोलणाऱ्या मानकऱ्याने, एकेकाचं गाऱ्हाणं घातलं आणि लोक 'व्हय म्हाराजा' म्हणत राहिले. मी नारळ आणलाच नव्हता. मागे खांबाला टेकून बसलो होतो. माझ्या शेजारी पलीकडून पालखीबरोबर आलेली एक म्हातारी होती, मासळीची पाटी मांडीशी घेऊन. ती माझ्याकडे वळली. "तू रे? तुका काय मागूचा नाय?"

का कोण जाणे, पायाचं नाव तोंडात आलंच नाही. चार वर्षांत पहिल्यांदा मी मोठ्याने खरी गरज बोललो. "हो साकव उचलू नकात, थंयच रवांदे. माका कामाक जावचा आसा."

गावकरी म्हणाला, "देवीचो साकव तो. तुझ्यासाठी कसो ठेवूचो?"

"देवीचो तर देवीक इचारा," म्हातारी म्हणाली.

गुरवाने कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी डोळे मिटले नाहीत. बराच वेळ काही हललं नाही, आणि मग उजवी पाकळी सुटून खाली आली. मी म्हातारीला शोधलं तर ती गर्दीतून निघून गेली होती. पुढे कितीतरी वर्षं पलीकडच्या बाजारात विचारलं, तशी बाई कोणालाच ठाऊक नव्हती.

पाकळी ओल सुकली म्हणून पडली की देवीने पाडली, यावर मी कोणाशी भांडणार नाही. कडूपणा माझ्यात अजून आहे. फळ्या चार वर्षं माळ्यावर होत्या, ठोकणारे हात गावात होते, आणि तरी देवीला सांगावं लागलं. पण मीही चार वर्षं पायच मागत बसलो, कारण पाय देवाकडे मागता येतो, वाट माणसांकडे मागावी लागते. ती मागायला मान खाली घालावी लागते. त्या दिवशी देवीने पाय दिला नाही, माझी मान तेवढी वाकवली. तिचे उपकार मी मानतो ते यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी पूर्ण होती. साकवावर आदल्या दिवशीचा गुलाल आणि चुरगळलेली अबोली तशीच होती. मी काठावर बसलो, एकुलती वहाण काढून कमरेला खोवली, फळीला हात लावून कपाळाला नेला आणि अनवाणी होडीपर्यंत चालत गेलो.