बसा, ताक घ्या, पान येतंय

इंदिरानगरातल्या आमच्या ऑफिसची वेबसाइट इतकी सावकाश उघडे, की क्लिक करून माणसानं व्हाइटफील्डला जावं, प्लॉट घ्यावा, घर बांधून परत यावं, तरी पान अर्धंच आलेलं असे. मी पुण्याहून नवा आलेलो, प्रोबेशनवर. मालक पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेले मराठी. त्यांना सगळे अण्णा म्हणत. घराण्याचं मूळ दुकान कापडाचं. आतून माल येईस्तोवर गिऱ्हाइकाला ताक द्यायचं, ही त्यांची रीत. म्हणून साइटवरही पान तयार होईपर्यंत त्यांनी इंग्रजीत पाटी लावली होती: बसा, ताक घ्या, पान येतंय.

सोमवारी जर्मन गिऱ्हाईक येणार होतं.

"साइट पळाली तर तू कायम," अण्णा म्हणाले. "नाहीतर पुण्याची गाडी रोज सुटते."

मी सर्व्हरपुढे दुसरं मशीन बसवलं. एकदा बनलेलं पान त्यानं जवळ ठेवायचं आणि मागेल त्याला लगेच द्यायचं. दोघांमध्ये स्वतंत्र पोर्ट, स्वतंत्र वायर. ऑफिसच्या ईमेलची गर्दी त्या वाटेला फिरकणार नाही.

"खालच्या दर्शिनी हॉटेलात इडली आधीच काढून ठेवतात, वर तिला वेगळी खिडकी, तसं," अण्णा म्हणाले. "सरी, होऊ दे."

रविवारी मी सगळी पानं एकेकदा मागवून मशीनचं पोट भरलं आणि निवांत झोपलो.

सोमवारी जर्मन साहेबांनी क्लिक केलं. बोट उचलायच्या आत हजर: बसा, ताक घ्या, पान येतंय. पुढच्या क्लिकलाही तेच. सर्व्हर आधी पाटी पाठवतो. मशीननं इमानदारीत प्रत्येक पानाच्या जागी ती पाटीच जपून ठेवली होती. माझ्या डोळ्यांपुढे पुण्याची गाडी फलाटाला लागली.

साहेब ताक कुठे दिसतंय का ते पाहू लागले.

"येतंय," अण्णा त्यांना इंग्रजीत म्हणाले आणि खालच्या दर्शिनीतून ताक मागवलं. मग माझ्याकडे न बघता मराठीत, "स्वल्प हात चालव. मिरची जास्त सांगितलीय."

साहेब डोळे पुसत होते तोवर मी मशीन रिकामं केलं, पाटी साठवायची नाही असं त्याला बजावलं आणि खरी पानं पुन्हा भरली. पुढची पानं अशी सुटली, की होसकोट्यापर्यंतच्या म्हशी दचकल्या असतील.

साहेबांनी काम दिलं. तक्रार एकच: पानं इतक्या लवकर येतात की ताक संपत नाही.

अण्णांनी त्यावर गंभीरपणे विचार केला.

"तू कायम," ते मला म्हणाले. "पण पहिलं पान जरा हळू ठेव."