शिवणीतली माया

चौबे कॉलोनीतले आमचे शेजारी कापड नुसतं डोळ्यांनी कधी घेत नसत. ते मुठीत करकचून दाबायचे, मूठ उघडायचे आणि चुरगळलेलं कापड आपसूक सावरतं का, ते बघत बसायचे. रायपूर छत्तीसगडची राजधानी झाल्यावर नागपूरहून इथल्या ऑफिसात आलेला हा माणूस एरवी भारी घाईचा.

मुलगा दिल्लीला नोकरीला लागला, त्या हिवाळ्यात त्याच्या पँटीचं कापड घ्यायला त्यांनी मलाही सोबत नेलं. जाड लोकरी फ्लॅनेल मागितल्यावर दुकानदार हसला, "रायपुर में इतना मोटा कौन पहनेगा, भैया?"

"पोट्टा दिल्लीत कुडकुडून राहिला," ते मला म्हणाले आणि पुढचा तागा मुठीत धरला. शेवटी राखाडी रंगाचं ठरलं.

मुलाची जुनी पँट मापाला देऊन त्यांनी शिंप्याला बजावलं, "शिवणीत माया ज्यादा रखना. पोट्टा अंगानं भरेल."

"माया?" शिंपी गोंधळला. "अच्छा, दबाव! हव, रख देंगे."

"आपली माया, अन् यांचा दबाव!" घरी येईस्तोवर ते हसत होते.

मुलगा सुट्टीत आला, पँट उलटसुलट करून खुर्चीवर ठेवली. "पापा, ऐसा पैंट अब कोई नहीं पहनता."

"हव," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यात भर दुपारी ते फाटकाशी भेटले, घामाघूम. अंगात तीच राखाडी पँट. मी बघतोय हे पाहून त्यांनी कमरेवरच्या जुन्या टाक्यांच्या खुणेवर अंगठा फिरवला.

"उसवून घेतली, भाऊ. माया होती ना भरपूर. सारी माझ्याच पोटाले लागली."