देवराईतलं सरपण

देवराई तोडून चार दिवस झाले होते. होऊ घातलेल्या रस्त्याच्या कडेला ओंडके पडले होते आणि त्यांच्या चिकाचा आंबूस वास अजून येत होता. मी ते बघत उभा होतो, तेवढ्यात पलीकडच्या डोंगरावरून एक म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन धापा टाकत उतरली.

"आजी, कशाला एवढी वणवण? इथलंच न्या की, फुकट आहे," ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला.

"देवाचं हाय ते."

"देव कुठं राहिलाय आता?"

"तुमी तोडलंत म्हणून ते माझं झालं व्हय?" असं म्हणून ती न थांबता पुढे गेली.

या रानाला कधी कुंपण नव्हतं, पहारा नव्हता. इथली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, एवढ्या एका नेमाच्या आधारानं बेहडे आभाळाला भिडले, त्यांच्या ढोलीत धनेश नांदले, शेकरू पिढ्यानपिढ्या जगली. रस्त्याच्या नकाशावर तो नेम कुणी लिहिला नव्हता.

माझ्या पिशवीत तिथलाच एक ढलपा होता. आठवण म्हणून टेबलावर ठेवायला मी तो उचलला होता. परत ठेवायला वळलो. पण एवढ्या ओंडक्यांत तो कुठल्या झाडाचा होता, हे काही केल्या ओळखता येईना.