राजा अजून वेशीत आला न्हाई

पोथी एकच, पण किस्से बघा, जात्याभोवती पीठ साचावं तसे साचले. झाडायला सवड कुणाला होती?

मी चौथी पास. तीही सोलापूरला मामाकडं राहून. इकडं निजामाच्या राज्यात शाळा म्हणजे उर्दूची, आणि पोरांची. म्हणून चिंताकी या आमच्या गावातल्या बायकांना दुपारी वनवासाची पोथी वाचून दाखवायचं माझ्या गळ्यात पडलं. ओवी वाचायची, अर्थ सांगायचा, भांडण मिटवायचं, की पुढची ओवी. वर्षभरात घसा पार बसला!

*

राणी राजामागं वनात निघाली. बाया डोळे पुसायला लागल्या. शेजारची शेवंता तेवढी कोरडी!

"तिला काय हुतंय जायला? दावणीला म्हैस हाय का तिच्या?"

*

आमच्यात रीत अशी की राजाला संकटात ठेवून पोथी मिटायची नाही. राणीला पळवलं त्या दिवशी शेवंता उठायला टपलेली. "लवकर सोडव बाई तिला, माझं वरण चुलीवर हाय!"

सोडवायला अजून सात अध्याय होते. शेवटी राजा एका झाडाखाली टेकला, तिथं मी पोथी मिटली. निदान सावली तरी!

*

निजामाविरुद्ध चळवळ पेटलेली, त्या दिवसांत चार बाया जमल्या तरी संशय. एकदा चौकीचा जवान दारात उभा. "क्या चल रा?"

"राजा कू घर से निकाल दिए," शेवंता बोलून गेली. इथं राजा म्हणजे निजाम! मी पोथी पदराखाली सारली.

"कौन निकाले?"

"सौतेली माँ."

तो उंबऱ्याबाहेर बसलाच. "मेरे कू भी ऐसीच थी," म्हणाला. दोन अध्याय ऐकून गेला.

*

गंगाक्का लिंगायताची. घरात कन्नड, भांडायला मराठी. तिचा नवरा धामधुमीत सरहद्दीपल्याड पळाला, आठ महिने पत्ता नाही. तिनं मनाशी धरलं होतं : राजा घरी आला की आपला बी येतो.

एकदा मी दमून म्हटलं, "चार पानं सोडू या गं, नुसती लढाईच हाय."

"सोडायची न्हाई! राजा रस्त्यातच अडकला तर आमचे कुठून येतील? कामून घाई करायलीस?"

तिच्या जिवासाठी मी सगळे बाण एकेक करून वाचले.

*

शेवटचा अध्याय. दोन पानं उरली होती. दारात कुणी उभं राहिलं. दाढी वाढलेली, खांद्याला गाठोडं. गंगाक्काचा नवरा! आम्ही सगळ्या ताडकन उठलो.

गंगाक्का उठली नाही. पदर सारखा केला अन् हात उगारला.

"निंद्री! थांबा तिथंच. राजा अजून वेशीत आला न्हाई."

तो बिचारा उन्हात उभा. मी फाटल्या घशानं भराभर वाचायला लागले. तिनं पानावर हात ठेवला.

"हळू वाच," म्हणाली. "अर्थ सांगून."