बुटाखालची माती

जबलपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत पदार्थात काय दडलंय ते ओळखणारं ईएसआर यंत्र आहे. मातीची चिमूट नळीत घालून त्याच्या मोठ्या चुंबकात ठेवली, की तिच्यातलं मँगनीज पडद्यावर सहा शिखरं काढतं. चुंबक थंड ठेवणारा पंप बिघडला आणि माझं संशोधन महिनाभर अडलं. शेवटी रिछाईच्या कारखान्यांच्या भागातून एक म्हातारा मेकॅनिक आला. चुंबकापायी घड्याळ, किल्ल्या, पट्टा बाहेर ठेवून, एका हाताने पँट सावरत त्याने पंप सुरू केला. मग बुटाखालची वाळकी काळी माती खरवडून म्हणाला, "हीच लावून पाहा, दीदी."

सहा शिखरं उमटली. बोटांवर मोजत तो हसत सुटला, आणि मीही.

"बायको रोज विचारते, काहून ही घाण घरात आणून राहिले? आता सांगतो तिला."

जाताना त्याने बूट काढले आणि माती गळू नये म्हणून ते तळ वर करून हातात धरून स्कूटरपर्यंत अनवाणी गेला.