साडूंची शांतता

माझ्या थोरल्या साडूंनी शांततेसाठी जेवढा आरडाओरडा केला, तेवढा उभ्या खानदेशात कुणी भांडणासाठीही केला नसेल. धुळ्यात त्यांचं ग्रामोफोन आणि हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान होतं, मागे घर होतं, आणि या दोहोंच्या मधल्या दारात उभे राहून ते दिवसातून पंचवीस वेळा "शूऽऽ" करायचे. कधी घराकडे तोंड करून, कधी रस्त्याकडे. रस्ता ऐकायचा नाही, घर ऐकायचं. भिंतीवरच्या घड्याळाची टोले देणारी हातोडी त्यांनी काढून ठेवली होती. भाजीवालीने आरोळी द्यायची ती त्यांच्या दारापुढे नाही, चार घरं पलीकडे, असा करार होता. माणूस दिसायच्या आधी त्यांना वहाणांवरून कळायचा. मी जळगावहून रात्रभर गाडीत आंबून सकाळी त्यांच्या दारात पोचलो की ते आतूनच म्हणायचे, "या. डाव्या वहाणेचा अंगठा सुटलाय तुमच्या." बघावं तो खरंच सुटलेला असायचा.

माझ्या लग्नातलीच गोष्ट घ्या. जळगावात लग्न, भटजी मंगलाष्टकांच्या शेवटच्या ओळीवर आलेले, अक्षता मुठींत, आणि नेमका शेजारच्या कापसाच्या जिनाचा भोंगा झाला. साडू पाहुण्यांतून हात वर करून उठले आणि म्हणाले, "भटजी, थांबा. भोंगा संपू द्या. सूर लागत नाहीये." त्यांचा तो आवाजच असा होता की भटजी थांबले. वाजंत्रीवाले थांबले. मुहूर्त मात्र थांबला नाही, तो दोन मिनिटांनी हुकला. माझ्यात जे जे दोष पुढे निघाले, ते सगळे माझी बायको आजवर त्या दोन मिनिटांच्या खाती घालते. साडूंना विचारलं तर म्हणतात, "पण 'सावधान' कसं खणखणीत ऐकू आलं!"

असा माणूस बोलपटाच्या नादाला न लागता तरच नवल. बोलपट नवे होते, लढाई अजून सुरू व्हायची होती, आणि धुळ्याच्या टॉकीजमध्ये साडू पडद्याकडे पाठ करून बसत. "चित्र बघायला सगळेच येतात," म्हणत. मुंबईच्या एका फिल्म कंपनीत एक ध्वनिलेखक होते, मूळचे धुळ्याचे. त्यांच्या वडिलांची पेटी साडूंनी एकदा अशी बोलती केली होती की वडील रडले होते. या गृहस्थांशी साडूंचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि एके दिवशी त्यांचं पत्र आलं. कंपनीचं जुनं ध्वनिलेखनाचं यंत्र आठ दिवस पाठवतो, सोबत आवाजाच्या फिल्मचे दोन लहान डबे. बाहेर, उघड्यावर, माणसांचं बोलणं घेऊन दाखवा. दोनातला एकच डबा परत पाठवा, कारण कंपनीच्या कामात लपवून मला एकच धुऊन घेता येईल. आवाज स्वच्छ असेल तर दसऱ्याच्या आत या, माझ्या हाताखाली जागा आहे.

त्या पत्राने घर हललं. साडूंची चाळिशी जवळ आली होती, आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे भाते शिवत बसण्यापेक्षा ही त्यांच्या कानाची जागा होती. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, तर मनाने मुंबईला पोचल्याही. तिकडे नळ घरात असतो हे त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. तांब्याचा बंब कुणाला द्यायचा, पाट न्यायचे की नाहीत, हे ठरू लागलं. मला साडूंचं कार्ड आलं: "रजा काढून यावे. धांदरट माणसे चालतील, बडबडी नकोत."

नुसतं बोलणं घेण्यापेक्षा साडूंनी एक छोटा विनोदी बोलपटच योजला. भांडवल म्हणून होती ती फक्त हौस. गोष्ट अशी: दोन व्याही बैलगाडीतून पोरीचं स्थळ बघायला निघतात, वाटभर भांडतात, भांडून दमून झोपतात. बैल आपले सवयीने घरी परततात. दोघे उतरून स्वतःच्याच ओट्यावर पाहुण्यासारखे बसतात आणि यजमानांनी चहा विचारला नाही म्हणून रागावतात. नट शोधावे लागले नाहीत. पांझरेकाठच्या एका खेड्यात आबा आणि नाना हे खरेखुरे व्याही होते आणि त्यांची भांडणं साडूंनी बाजाराच्या दिवशी दुकानासमोर कित्येकदा ऐकली होती. "असे दोन आवाज मुंबईला मिळणार नाहीत," ते म्हणाले. कॅमेरा त्यांच्या एका फोटोग्राफर मित्राचा, हाताने फिरवायचा. त्याची करकर ऐकू येऊ नये म्हणून कॅमेरा आणि फोटोग्राफर दोघांवर मिळून एक जाड गोधडी टाकायची, हा शोध साडूंचाच.

मग प्रश्न आला दिवसाचा. खेड्यात शांतता कधी असते? साडू तीन दिवस खेड्यात जाऊन वेगवेगळ्या वेळी डोळे मिटून बसले. लोकांना वाटलं कुणी साधू आला. गाड्यांची ये-जा, औतामागची हाळी, चाबूक, आरोळ्या. चौथ्या दिवशी ते उड्या मारतच घरी आले. "पोळा!" ते म्हणाले. "पोळ्याच्या दिवशी औत नाही, गाडी नाही, चाबूक नाही. वाजतगाजत मिरवणूक निघते ती दिवस कलल्यावर. सकाळ आपली!" आम्ही सगळे त्यांच्या हुशारीने थक्क झालो. मी खानदेशातला, फोटोग्राफर खानदेशातला, साडू तर तिथल्याच मातीतले. लहानपणापासून पोळा पाहिलेली आम्ही तीन मोठी माणसं, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पोळ्याच्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा खरोखर स्वर्गीय शांतता होती. बैल नदीवर धुवायला गेलेले, रस्ते रिकामे. साडूंनी झाडाखाली यंत्र मांडलं, मोटारीच्या बॅटऱ्या जोडल्या, कानाला फोन लावले आणि त्यांचे डोळे भरून आले. "काहीच ऐकू येत नाहीये हो," ते मला पुटपुटले. आबा आणि नाना नवे फेटे बांधून तयार. गाडी उभी. साडू म्हणाले, "आबा, बैल जुंपा."

आबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी आईला विकायला सांगितलं. "भाऊ," ते म्हणाले (साडूंना सगळे भाऊच म्हणत), "आज पोया शे. कालदिन खांदा मयेल शेत. आज बैलना खांदावर जू ठेवू? बठ्ठा गाव माले वाळीत टाकी दी."

आदल्या संध्याकाळी हळद-लोणी लावून खांदे मळलेला बैल पोळ्याला जुंपत नाहीत हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. शांतता ज्या कारणाने होती, त्याच कारणाने बैल नव्हते. यंत्र दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत जायचं होतं. साडू मटकन शेताच्या बांधावर बसले. फोटोग्राफर गोधडीतून डोकं काढून म्हणाला, "फिल्ममध्ये गाडीवरची दोन माणसंच दिसणार. खाली कोण ओढतंय ते कुठे दिसतंय?" यावर सगळे हळूहळू माझ्याकडे बघू लागले.

उजवीकडे आबांचा धाकटा भाऊ, तालमीतला गडी. डावीकडे मी, जळगावच्या कचेरीतला कारकून. माझ्या खांद्यावर पोळ्याच्या दिवशी जू ठेवायला गावाची काही हरकत नव्हती. फोटोग्राफर गोधडीसकट मागच्या फळीवर बसला. मायक्रोफोन बांबूला टांगून साडूंनी स्वतः धरला, गळ्यात फोन, कमरेला झाडाखालच्या यंत्रापर्यंतची लांब वायर, आणि ते गाडीच्या बाजूने अनवाणी चालू लागले, वहाणा वाजतात म्हणून. त्यांनी हात खाली केला. आम्ही ओढायला लागलो. चाक कुरकुरलं.

लिहून दिलेली वाक्यं दोघा व्याह्यांनी आठ दिवस पाठ केली होती. त्यातलं एकही त्यांना आठवलं नाही. मग नानांची नजर खाली माझ्यावर गेली.

"आबा," ते म्हणाले, "हाऊ डावा बैल कथाईन लयनात?"

"जयगावना शे," आबा म्हणाले. "कचेरीमा बांधेल व्हता."

"तरीच. वढस कमी, फुसफुस जास्ती करस."

"काय करू व्याही? सोयराना शे. इकता बी येत नही."

इथे एक आवाज झाला. मला वाटलं गाडीचा आस मोडला. मान वळवून बघतो तो साडू हसत होते. आता, साडू हसतात हे आम्हाला माहीत होतं, पण त्यांचं हसणं म्हणजे तोंड मिटून खांदे हलवणं. हसण्याचा आवाज बाहेर पडू नये म्हणून ते एका हाताने नाकही दाबत. त्या दिवशी दोन्ही हातांत बांबू होता. नाक दाबायला हात उरला नाही. ते गडगडत, थांबत, श्वास घेत, पुन्हा गडगडत हसले, डोळ्यांतून पाणी काढून हसले, आणि मायक्रोफोन त्यांच्याच डोक्यावर हलत राहिला. व्याह्यांना वाटलं हे असंच असतं. ते माझी खोड काढत राहिले, डबा संपेपर्यंत.

फोटोग्राफर कळवळला. "भाऊ, गेलं की सगळं! दुसरा लावा." दुसरा लावला. या खेपेस आबा-नाना घाबरलेले होते. साहेबांपुढे कविता म्हणावी तशी त्यांनी लिहिलेली वाक्यं म्हटली, एकही न चुकता, शुद्ध पुस्तकी. पानाची सळसळ नाही, खोकला नाही. साडूंचा चेहरा दगडासारखा. डबा संपल्यावर ते म्हणाले, "स्वच्छ आलं."

दिवस कलल्यावर ढोल लागले, घुंगरमाळांचा नुसता कल्लोळ उठला, आणि साडू आबांच्या ओट्यावर दोन्ही डबे मांडीवर घेऊन बसले होते. कुणालाही शूऽऽ केलं नाही. मी पुरणपोळी खाऊन खांदा चोळत त्यांच्याजवळ गेलो. "दुसरा पाठवा," मी म्हणालो. "यात विचार कसला?"

"दुसऱ्यात काही चूक नाही," ते म्हणाले. "पण ते दोघे त्यात नाहीत हो. कुणीच नाही त्यात." मग डबे मांडीवर सारखे करत, "तुमच्या अक्कांना नळाचं फार आहे."

मी जळगावला परतलो. डबा रवाना झाल्याचं अक्कांचं कार्ड आलं, त्यात बंब शेजारणीला द्यायचं नक्की केल्याचंही होतं. मग मुंबईचं उत्तर आलं, धुतलेल्या फिल्मसकट. आवाज उत्तम आहे, पण मध्ये कोणी मूर्ख मोठ्याने हसतो आहे. यंत्राजवळ अशा माणसाला उभं करणारा ध्वनिलेखक आम्हाला चालणार नाही. क्षमस्व. साडूंनी पहिला डबा पाठवला होता.

पाट पुन्हा भिंतीला लागले. आठ दिवस अक्का नवऱ्याशी अक्षर बोलल्या नाहीत, भांडंसुद्धा वाजू दिलं नाही. लग्नापासून सोळा वर्षं साडू जी शांतता मागत होते ती त्यांना घरात पूर्ण मिळाली, आणि मला त्यांचं कार्ड आलं: "येऊन जावे. इथे करमत नाही."

मी गेलो त्या रविवारी टॉकीजच्या ऑपरेटरने, खेळ सुरू व्हायच्या आधी, ती फिल्म लावायचं कबूल केलं होतं. अक्का येणार नव्हत्या. पण आबा आणि नाना गाडी घेऊन दारातच उभे राहिले, तेव्हा त्यांना नाही म्हणता येईना. साडू वर यंत्रखोलीत गेले. खाली आम्ही पाचसहा जण. पडद्यावर काहीच दिसणार नव्हतं. फोटोग्राफरच्या फिल्मवर गोधडीची झालर सोडून फारसं काही आलं नव्हतं. पांढरा पडदा, आणि त्यातून चाक कुरकुरलं. नाना बोलले. आबा बोलले. मी कचेरीत बांधलेला होतो हे सगळ्या टॉकीजला कळलं. आबा स्वतःचा आवाज ऐकून उठून उभे राहिले. आणि मग ते हसू आलं, खुर्च्यांवरून, भिंतींवरून, भरभरून.

अक्का माझ्याकडे वाकल्या. "हे कोण हसतंय?"

"भाऊ," मी म्हणालो.

"छे," त्या म्हणाल्या. आणि ऐकत राहिल्या. फिल्म संपली. "परत लावायला सांगा."

चार वेळा लावली. पाचव्यांदा लावायच्या आत बाहेर खेळाचे लोक जमले. साडू खाली आले, तोंड चुकवत, आणि आम्ही सगळे गाडीत बसलो. घरापाशी उतरताना अक्का त्यांच्याशी आठ दिवसांत पहिल्यांदा बोलल्या. "एवढं हसता येत होतं," त्या म्हणाल्या, "तर सोळा वर्षं कुणासाठी राखून ठेवलं होतं?"

साडूंनी दार उघडलं आणि ते बाजूला झाले.

ते मुंबईला गेले नाहीत याचा मला आनंद झाला होता, हे मी अक्कांना कधी सांगितलं नाही. माझ्या सुट्ट्या, ती दुकानातली संध्याकाळ, ते आतून येणारं "या", सगळं वाचलं. पण त्या बाईचा नळ गेला, आणि साडूंचा तो जन्मभर तयार केलेला कान पेट्यांतच राहिला, याचं वाईट मला आजही वाटतं. त्यानंतर साडू तसे हसल्याचं मी कधी ऐकलं नाही. माझ्या बायकोने एकदा अक्कांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, मी ऐकलंय. कधी, काय झालं होतं, हे काही त्या सांगत नाहीत.