ओसरीतलं बटण

गेल्या शनिवारी गावाकडे एका बटणावरून मी वायरमनशी भांडले... आणि रविवारी त्यांनाच फोन करून परत बोलावलं.

नेकनूरजवळ आमचं जुनं माळवदाचं घर आहे. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत. मी आणि माझी धाकटी बहीण ते टप्प्याटप्प्यानं नीट करून घेतोय... आधी संडास-बाथरूम झालं, मग मागची खोली, यंदा स्वयंपाकघर. बहीण पुण्यात बसून नकाशे काढते आणि मी माजलगावहून येऊन सगळ्यांवर ओरडते. शाळेत शिकवते ना, आवाजाची सवय आहे.

यंदा माळवद काढून स्लॅब टाकला. चूल गेली, मागच्या भिंतीला लागून ग्रॅनाइटचा ओटा आला. आई आता उभी राहून स्वयंपाक करते, याचं आम्हा दोघींना कोण कौतुक!

तर शनिवारी गेले आणि बघते काय... स्वयंपाकघरातल्या ट्यूबचं बटण बाहेर ओसरीत. तेही कमरेच्या खाली, आमच्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या बाजेला लागून.

मी वायरमन अस्लमभाईंना धरलं. आतल्या लाईटचं बटण बाहेर कुणी बसवतं का? ते म्हणाले, "ताई, आबांनी सांगितलं तसं केलं." त्यावर मी म्हणाले, आबांना लाईटमधलं काय कळतं... आणि हे आबांच्या समोरच.

अस्लमभाईंनी आबांकडे पाहिलं. आबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "ती म्हनती तसं कर, बाबा."

संध्याकाळपर्यंत बटण आत गेलं, दाराशेजारी, व्यवस्थित उंचीवर. मी बहिणीला फोटो पाठवला... "बघ, मी नसते तर काय केलं असतं यांनी!"

आबांचं दीड वर्षापूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालंय. एकट्याला उठता येत नाही, कुणाचा तरी आधार लागतो. आईला ऐकायला कमी येतं. कानाचं मशीन घेऊन दिलंय, ते कपाटातल्या डब्यात सुखात आहे. या दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या... पण वेगवेगळ्या. एकत्र करून कधी बघितल्याच नव्हत्या.

रविवारी सकाळी शेजारच्या काकूंकडे चहाला गेले होते. परत आले तर आबा बाजेशेजारी खाली फरशीवर बसलेले. एक हात भिंतीला, कोपर खरचटलेलं... आणि धोतर ओलं झालेलं.

आत आई ओट्यापाशी पाठमोरी भाकरी थापत होती. आबा तिला हाक मारत होते, अगदी थकलेल्या आवाजात. तिच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं.

मी आत जाऊन तिच्या खांद्याला हात लावला. ती बाहेर आली, "कावून एकटं उठलात वो?" म्हणाली, मग तिचं धोतराकडे लक्ष गेलं. दोघींनी धरून त्यांना बाथरूमपर्यंत नेलं. पुढचं तिनं एकटीनं केलं. मला दारातच थांबवलं.

नंतर बाजेवर पडल्या पडल्या आबा बोलले. रागानं नाही...

"चूल व्हती तवा ती दाराकडं तोंड करून बसायची. म्या नुसता हात वर केला तरी तिला दिसायचं. आता तोंड भिताडाकडं."

मग त्यांनी साण्याचं सांगितलं. साणं म्हणजे उजेड यायला आणि धूर जायला माळवदाला ठेवलेलं भोक. आबा वर धान्य वाळवायला जायचे तेव्हा आईला बोलवायचं असलं की त्या साण्यावर हात धरायचे. खाली चुलीपाशी अंधार पडायचा आणि ती बाहेर यायची.

"तू चौथीत व्हतीस तवापसून तिला कमीच ऐकू येतंय," आबा म्हणाले. "तुमाला कुठं ठावं."

ते साणं आम्ही स्लॅबनं बंद केलं. त्यामुळे आत आता दिवसाही ट्यूब लावावी लागते. आबांनी त्याच ट्यूबवर डोकं चालवलं होतं... बाजेवरून हात घालायचा, दोनदा बंद-चालू करायची, की आई वळून येते. चार दिवस सगळं सुरळीत चाललं होतं. मग मी आले.

काल बोलला का नाहीत, असं विचारलं तर आबा चक्क लाजले. "बायकूला बलवायला बटन बसवून घेतलंय, आसं त्या मानसापुढं कसं सांगू?"

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. तशीच अंगणात जाऊन अस्लमभाईंना फोन लावला.

रविवार असूनही ते आले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त आबांना बाजेवर आडवं व्हायला लावून विचारलं, "हात कुठवर पोचतो?" आबांनी भिंतीला बोट टेकवलं, अस्लमभाईंनी तिथं पेन्सिलनं खूण केली. तीन टप्पे झाले घराचे, आम्ही दोघींनी हा प्रश्न त्यांना एकदाही विचारला नव्हता.

बटण बसल्यावर मीच दाबून बघितलं. दोनदा.

आई पिठाच्या हातानंच बाहेर आली आणि सरळ बाजेपाशी गेली. "काय वो, उठायचंय का?"

आबांनी माझ्याकडे बोट केलं.

आईनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुला पाय हायेत की. आत येऊन सांगायचं."

अस्लमभाईंची माफी मी तिथल्या तिथं मागितली. आबांची मागायला मात्र जीभच रेटली नाही... एसटीची वेळ झाली म्हणून निघून आले. इथं एवढं सगळं लिहून टाकलं, पण ते काही फेसबुक वाचत नाहीत. म्हणून येत्या शनिवारी परत जातेय.